सूप गार होतंय, औरेलियो

विलार दा सेर्रा,
९ मार्च

ती. देओलिंदाताईस,
सा. न. वि. वि.

जुळ्यांतही जी पाव तास आधी येते ती मोठी, आणि मोठीला मान द्यायचा, असा निकाल शाळेत सिस्टर बेनेदितांनी दिला होता. म्हणून अजून 'ती.' लिहिते. त्यातून तू मठात, म्हणजे दुहेरी तीर्थरूप. आता हा मान घे आणि माझं गाऱ्हाणं ऐक.

तुझा मेहुणा औरेलियो तब्येतीने ठणठणीत आहे, फक्त गेला आठवडाभर पायजम्यातून बाहेर आलेला नाही. दाढी नाही, पत्ते नाहीत. बाल्बिना कबुतरीण त्याच्या उंच टोपीत बसून घुमते, तर तिच्याकडेही बघत नाही.

झालं असं. संत जुआंवच्या उत्सवात आपल्या नाट्यगृहात जादूचा प्रयोग औरेलियोचा, हे इथे चर्चच्या घंटेइतकं ठरलेलं. यंदा नाट्यगृहावर नव्या बाई आल्या आहेत, दोतोरा ग्रासिंदा. त्यांनी याला बोलावलं, कॉफी पाजली आणि फार गोड आवाजात विचारलं, की सेन्योर औरेलियो, तुम्हाला फोनवर किती जण फॉलो करतात. हा म्हणाला, फोनवर कुणी नाही, घरात बाल्बिना करते. त्या छान हसल्या आणि याचं नाव यादीतून काढलं.

तेवढ्याने तो पायजम्यात गेला नसता. आपल्या 'खिडकी'च्या जादूचं टीव्हीवाल्यांनी केलेलं जुनं चित्रण कुणीतरी फोनवर टाकलं आहे. त्यावर बेकरीवाल्या आर्मिंदाचा तेल्मो बोलला. तोच, ज्याला पत्ता बोटांत कसा धरायचा ते औरेलियोने शिकवलं. आता तो काळा मुखवटा लावून लोकांच्या जादू उसवून दाखवतो. मुखवट्यातून कान बाहेर राहतात आणि ते कान अख्खं गाव ओळखतं, पण आपण सगळे त्याला अनोळखी समजतो. तर तो म्हणाला, की 'खिडकी'त काही नाही, चित्रण कापून जोडलंय, आज हे कोणतंही पोर करेल.

औरेलियोला लबाड म्हटलेलं चालतं गं, त्याचा धंदाच तो. पण लबाडी यंत्राने केली म्हटल्यावर तो मोडला.

मी रात्री आडवी झाले की तीच 'खिडकी' डोळ्यांसमोर येते. मी लाल पोशाखात चौकटीत उभी. तो पडदा ओढायचा, उघडायचा, मी नाही. आणि त्याच क्षणी शेवटच्या रांगेमागून तू, तशाच लाल पोशाखात, म्हणायचीस, की मी इथे आहे, औरेलियो, आणि सूप गार होतंय. मग अख्खं प्रेक्षागृह एकदम मागे वळायचं आणि सगळ्या लाकडी खुर्च्या एकदम करकरायच्या. टाळ्या सौजन्यानेही मिळतात, पण तो आवाज मागून मिळत नाही, असं औरेलियो म्हणायचा.

त्या आवाजासाठी, माहेरचं गाव सोडल्यापासून, आपण दोघी कुठल्याही गावात कधी एकत्र दिसलो नाही. तू जाड चष्मा आणि डोक्याला रुमाल लावून शिंपीण म्हणून गाडीत मागे, मी पुढे. तू मठात गेल्यावर 'खिडकी' बंद झाली, पण ती शिस्त राहिली. तुझ्या व्रतदीक्षेलाही मी तोंडावर काळी जाळी घेऊन शेवटच्या बाकावर बसले होते. आपल्या दोघींचा एकत्र फोटो पहिल्या कम्युनियनचा, तोच शेवटचा. तो माझ्याकडे आहे. त्यात तू जीभ काढली आहेस.

काही सुचलं तर कळव. नाही सुचलं तर प्रार्थना कर, ते तुझं कामच आहे. लोभ आहे तेवढा पुरे, पत्र मात्र मोठं लिही.

तुझी धाकटी,
एर्मिनिया


मोन्ते क्लारो मठ,
१७ मार्च

चि. एर्मिनियास,
अनेक आशीर्वाद.

जीभ मी काढली नव्हती, प्रसादाची होस्ती टाळूला चिकटली होती. इतकी वर्षं सांगते आहे.

तुझं पत्र येण्याआधीच मी ते चित्रण पाहिलं होतं. दचकू नकोस. मठात आता एक मोठी पाटी आहे, काचेची. मदर पेर्पेतुआंनी आमच्या बदामाच्या वड्या तिच्यावरून विकायला काढल्या आहेत. सिस्टर ओदेते अंड्यांतले पिवळे बलक वेगळे करताना दाखवते, हळूहळू, एकही शब्द न बोलता, आणि ते बघायला ब्राझीलपासून लोक येतात. तुझ्या नवऱ्याने आयुष्यभर माणसं अदृश्य केली, त्याला कुणी फॉलो करत नाही. आमची ओदेते बलक काढते, तिला अर्धं जग करतं. मी यात देवाचा हेतू शोधते आहे, अजून सापडला नाही.

चित्रणाखाली लोकांनी लिहिलेलं मी वाचलं. जेवणानंतरच्या मोकळ्या वेळात वाचलं, म्हणजे पाप नाही. कुणी म्हणतं आरसे. एकाने आकृती काढून स्टेजखाली भुयार दाखवलंय. एक बाई शपथेवर सांगते, की तिचे काका त्या रात्री तिथे होते आणि सगळ्या प्रेक्षकांना आधी गुंगीचं सरबत दिलं होतं. आणि एकाने लिहिलंय, की मागे उभी असलेली बाई मुळात नव्हतीच. तिथे मात्र मी चहाचा कप खाली ठेवला.

कुणा एका आजोबांनी बरोबर लिहिलंय. साधंच लिहिलंय, की जुळ्या बहिणी असतील. त्यांना सगळ्यांनी मिळून हसून गप्प केलं, की आजोबा, इतकं सोपं कसं असेल.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळलं. तू लिहिलं नाहीस, पण कागद दोनदा खोडला आहेस. ते होणार नाही, एर्मिनिया. माझे केस पांढरे झालेत, वड्या थापून थापून डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं झालंय, आणि मी नन आहे. लाल पोशाखातल्या ननला बघून लोक मागे वळतील खरे, पण औरेलियोसाठी नाही.

त्याला म्हणावं दाढी कर. बाल्बिनाला माझे आशीर्वाद.

तुझी मोठी,
देओलिंदा


विलार दा सेर्रा,
२८ मार्च

ती. ताईस,
सा. न.

दाढी केली. पण का केली ते ऐक.

तेल्मोने त्याला जाहीर आव्हान दिलं, की खरं असेल तर उत्सवात सगळ्यांसमोर 'खिडकी' करून दाखवा. दुसऱ्याच दिवशी दोतोरा ग्रासिंदा स्वतः आमच्या दारात. फार लोक बघताहेत म्हणाल्या, आता तुमचं नाव सगळ्यात वर. औरेलियोने विचारलंही नाही, की मधल्या काळात मी जास्त चांगला जादूगार झालो का. त्याने दाढीचं पाणी मागितलं.

मग बाईंनी काही सुधारणा सुचवल्या. चौकट आडवी आहे, ती उभी आणि अरुंद करता येईल का, म्हणजे फोनमध्ये मावेल. सुरुवातीच्या गंमत-गप्पा कापता येतील का, कारण लोक थांबत नाहीत, बायको पहिल्या दमातच नाहीशी व्हायला हवी. औरेलियो म्हणाला, की बाई, ती नाहीशी झाल्याचं दुःख व्हायला आधी ती लोकांना थोडी आवडायला नको का. त्या म्हणाल्या, की आवडल्याचं बटण शेवटी असतं.

तो हो म्हणून बसला आहे, आणि तुला एका शब्दाने विचारणार नाही. मी विचारलं तर रागावेल. म्हणतो, देओलिंदा देवाची झाली, मी देवाकडून वस्तू उसनी मागत नाही. मग कसं करणार विचारलं तर म्हणतो, बघू. गोदामातून चौकट काढून तिला तेल लावत बसतो. मी लांबून बघते. हा माणूस स्टेजवर उभा राहील, पडदा उघडेल, आणि मागून कुणीच बोलणार नाही, एवढंच मला दिसतं.

म्हणून मी विचारते आहे. त्याने नाही, मी. नाही म्हणालीस तरी तुझीच,

एर्मिनिया


मोन्ते क्लारो मठ,
१९ एप्रिल

चि. एर्मिनियास,
अ. आ.

उशीर झाला, कारण पुण्यसप्ताह होता, आणि पवित्र शुक्रवारी लाल पोशाखाचा विषय काढायला मला धीर झाला नाही. ईस्टर होऊन दोन दिवस गेल्यावर मदर पेर्पेतुआंकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता मला पाप म्हणजे काय ते सांगतील.

त्यांनी विचारलं, की तिथे उभं राहून नेमकं काय म्हणायचं असतं. मी सांगितलं. मग म्हणाल्या, की तू तिथे असशील ना, मग 'मी इथे आहे' यात खोटं काय. सूप खरंच गार होत असेल तर तेही खरं. लोकांनी स्वतः जे गृहीत धरलं त्याला तू जबाबदार नाहीस, आपला अर्धा धर्मोपदेश त्याच्यावर चालतो. हे शेवटचं वाक्य त्या बोलल्याच नाहीत असं धरून चाल.

अटी तीन. पोशाख घोट्यापर्यंत. त्या स्वतः बरोबर येणार. आणि नाट्यगृहाच्या दारात आमच्या वड्यांचं टेबल.

सोबत दोऱ्याचे तुकडे पाठवते. लांब तो घेराचा, मधला छातीचा, आखूड तो खांद्याचा. कागदावर आकडे लिहायची मला लाज वाटली. तुझे दोरे शेजारी ठेवून बघ आणि हसू नकोस. टोप शोध, तुझ्या रंगवलेल्या केसांच्या रंगाचा. हातमोजे कोपरापर्यंत, त्या बोटासाठी.

औरेलियोला सांग, की देवाने वस्तू उसनी दिलेली नाही, वस्तू स्वतःच्या पायाने येते आहे.

तुझी,
देओलिंदा


विलार दा सेर्रा,
३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसले. घेर तुझा मोठा, खांदा माझा मोठा, म्हणजे मठात खायला मिळतं आणि संसारात ओझी. दोघींच्या मधल्या मापाचे दोन सारखे पोशाख शिवते आहे. कापड लालच, पण पूर्वीसारखं मिळत नाही.

औरेलियोला सांगितलं तेव्हा तो उठून अंगणात गेला. बऱ्याच वेळाने आला आणि म्हणाला, की मागचं दार वापरायचं, आणि शेवटच्या रांगेमागे उजवीकडची फळी वाजते, तिच्यावर पाय द्यायचा नाही. ताईला फळी अजून आठवत असेल, असं मी म्हणाले. तर म्हणतो, तिला आठवत असेल, मला एकदा मोठ्याने म्हणून बघायचं होतं.

आता रोज दुपारी सराव. मी चौकटीत कुठे मावते ते तुला ठाऊकच आहे, कागदावर नको. एवढंच लिहिते, की पूर्वी मावत होते, आता पटवावं लागतं. शेजारीण माझं लंगडणं बघून विचारत होती, पडलीस का. मी म्हटलं, नाहीशी झाले होते.

२३ जूनला दिवस मावळायच्या आधी या. तू पुढे नको, मदरना पुढे पाठव.

वाट बघणारी,
एर्मिनिया


मोन्ते क्लारो मठ,
२६ जून

चि. एर्मिनियास,
अ. आ.

सुखरूप पोचलो. मदर पेर्पेतुआ गाडीत पूर्ण वेळ झोपल्या, टेबलावरच्या वड्या संपल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला झोप आली नाही. तू चौकटीच्या आत होतीस, तुला काही दिसलं नाही, म्हणून मी मागून काय पाहिलं ते लिहिते. तिथे बोलायला जीभ उचलली नाही.

मी अंधारात उभी राहिले तेव्हा समोर नुसत्या पाठी होत्या आणि प्रत्येक पाठीच्या वर एक उजळ चौकोन. आधी वाटलं मेणबत्त्या. औरेलियो उजेडात उभा होता, पण लोक त्याच्याकडे बघत नव्हते, हातातल्या छोट्या औरेलियोकडे बघत होते. पहिल्या रांगेत तेल्मो, दोन फोन घेऊन. मुखवटा नव्हता, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला, मग कान दिसले.

औरेलियो सुरेख बोलला. पूर्वीसारखंच, तू किती चांगला स्वयंपाक करतेस आणि किती वाईट ऐकतेस ते. पडदा ओढला, उघडला. तू नव्हतीस. कुणी श्वाससुद्धा रोखला नाही, सगळे ती रिकामी चौकट टिपत होते. मी म्हटलं, मी इथे आहे, औरेलियो, आणि सूप गार होतंय.

कुणी वळलं नाही, एर्मिनिया.

मला वाटलं आवाज कापला. पुन्हा म्हटलं, वर्गात मागच्या बाकांना ऐकू जावं तसं. तेव्हा सगळ्यांनी बोटाने काहीतरी केलं आणि एकेका फोनमध्ये त्यांचे स्वतःचेच चेहरे आले. मग हात उंच करून, मान जराही न वळवता, त्यांनी खांद्यावरून मला त्यात पाहिलं. इतके चेहरे आणि प्रत्येकाच्या कानामागे नखाएवढी लाल मी. काहींनी केसही नीट केले.

एकच खुर्ची करकरली, मदर पेर्पेतुआंची. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी त्या वळल्या आणि छातीवर क्रूस केला.

औरेलियो हात पसरून तसाच उभा होता, मान एका बाजूला कलती. तो त्या आवाजाची वाट बघत होता. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना प्रार्थनेत पाहिलं आहे, पण तसं कुणाला नाही.

टाळ्या खूप झाल्या. एका हाताच्या टाळ्या होत्या, मांडीवर वाजवलेल्या, दुसऱ्या हातात फोन. यापुढचं तुला माहीत आहे, ते आठवलं की मला वड्या थापताना हसू येतं आणि ओदेते विचारते काय झालं.

त्याची तब्येत कळव. तुझी पाठ कळव.

तुझी,
देओलिंदा


विलार दा सेर्रा,
५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाठ ठीक. हे पत्र सावकाश वाच, प्रार्थनेची घंटा व्हायची असेल तर नंतर वाच.

त्या रात्री मी चौकटीतून बाहेर आले तेव्हा औरेलियो मागे पेटीवर बसला होता. दोतोरा ग्रासिंदा सांगत होत्या, की आकडे फार वर गेले. त्याने विचारलं, की खुर्च्या बदलल्यात का, आवाज येत नाही हल्ली. त्या अभिमानाने म्हणाल्या, की खुर्च्या जुन्याच आहेत. बरं, म्हणाला. तेवढंच. मी आयुष्यात त्याला अनेकदा पडलेला पाहिला, पण इतक्या हळू पडलेला कधी नाही.

तू मागच्या दाराने आलीस, कोट घालून निघायच्या तयारीत. तू पुढच्या गल्लीने, आम्ही चौकातून, असं ठरलेलंच होतं. तेव्हा तो उठला आणि तुझा कोट काढून खुंटीला लावला. मला आधी कळेना. मग एक हात मला दिला, एक तुला, आणि म्हणाला, की ज्यांच्यापासून लपवायचं ते बघतच नाहीत, तर मी या दोन बायकांना इतकी वर्षं का लपवतोय. चला, सूप गार होतंय. जादूगारांच्या मंडळात गुपिताची शपथ टोपीवर हात ठेवून घेतात. त्याने जाताना टोपी बाल्बिनासकट पेटीवर ठेवली.

कॉफीहाऊसच्या दारातून आपण तिघं आत गेलो तेव्हा तू मिठाईच्या काचेकडे बघत होतीस, ते मला माहीत आहे. तू त्याचं तोंड पाहिलं नाहीस. आत उत्सवाचं सगळं गाव होतं, हातात सार्डिन मासे आणि पाव, तेलकट बोटं. फोन धरायला हात कुणाचाच मोकळा नव्हता. आधी दाराजवळच्या टेबलावरच्या आर्मिंदाने पाहिलं, एकदा मला, एकदा तुला. मग पलीकडच्यांनी. आणि मग ताई, सगळ्या खुर्च्या वाजल्या. एकदम. करकर करून, भिंतीपर्यंत. तू म्हणालीस, की इथे बसायला जागा आहे का, आणि त्याने उत्तर दिलं नाही, कारण तो ऐकत होता. त्याचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, हा आता इथेच सुखाने मरतो की काय, पण त्याने सार्डिनच्या दोन बशा संपवल्या.

आपलं गुपित उघडं झालं म्हणून मी रात्रभर घाबरत होते. आता पुढचं ऐक.

आर्मिंदाने बोटं पुसून आपला तिघांचा फोटो काढला होता, तू हातमोजे काढून गोड पाश्तेल खातेस तो. तिने तो फोनवर टाकला आणि खाली लिहिलं, की औरेलियोच्या बायकोला जुळी बहीण आहे, मी डोळ्यांनी पाहिली. त्यावर तिच्या पोटच्या पोराने, तेल्मोने, खुलासा केला. म्हणाला, हा फोटो यंत्राने बनवलाय, पुरावा बघा, दुसऱ्या बाईच्या डाव्या हाताचं मधलं बोट. यंत्राला बोटं कधीच नीट जमत नाहीत. तुझं बोट, ताई. मोठं करून, लाल वर्तुळ काढून दाखवलंय. आर्मिंदा त्याला घरात ओरडून सांगते, की मेल्या, मी तिच्या शेजारी बसले होते, तिने माझ्याकडे मीठ मागितलं. तर म्हणतो, आई, तू या वयात फसतेस. ती आता त्याला पाव देत नाही.

अख्खं गाव तुला भेटलं, आणि आता गावातले निम्मे म्हणतात, की तेव्हा प्रकाश कमी होता. आपली 'खिडकी' इतकी सुरक्षित कधीच नव्हती. दोतोरा ग्रासिंदांनी हळूच विचारलं, की ती दुसरी बाई कुठल्या कंपनीकडून आणली, पुढच्या वर्षी दोन मिळतील का. औरेलियो म्हणाला, मोन्ते क्लारोची आहे, एकच नग होता.

तो बरा आहे. रोज दाढी करतो. संध्याकाळी कॉफीहाऊसात जातो, लोकांची बोटं तेलकट व्हायची वाट बघतो आणि मग खिशातून पत्ते काढतो.

फोटो छापून सोबत पाठवते आहे. कम्युनियननंतर आपला पहिला. यात जीभ मी काढली आहे, होस्तीचं नाव सांगणार नाही. एक प्रत मी आरशात खोचली आहे, आणि येता-जाता बघते. सगळं जग म्हणतं ती बाई नाहीच, तर मलाही कधी कधी शंका येते गं. म्हणून दुसरं काही नको, दोन ओळी लिही, म्हणजे माझी खात्री पटेल.

तुझी धाकटी, जी यंत्राने केलेली नाही,
एर्मिनिया


मोन्ते क्लारो मठ,
१० जुलै

चि. एर्मिनियास,
अ. आ.

मी इथे आहे. जेवणाची घंटा झाली, आणि आमचंही सूप गार होतंय.

देओलिंदा